फुलं शेतातच का राहिली?

बेंगळुरूच्या के. आर. मार्केटात पहाटे शेवंतीचे ढीग लागतात. 25 मार्च 2020 ला देशभर टाळेबंदी लागली. देवळं बंद झाली, लग्नं लांबली आणि आसपासच्या शेतकऱ्यांना तोडलेली फुलं फेकून द्यावी लागली, बाकीची शेतातच राहिली.

असं का? नाशवंत मालाची साखळी रहाटासारखी असते. एक पोहरा अडकला की सगळी माळ थांबते. रागी गोदामात थांबते, शेवंती थांबत नाही.

फटका मात्र सारखा बसला नाही. फुलं तोडणं, हार ओवणं ही कामं बहुतांशी बायकांची, रोजंदारीची. तोडणी थांबली त्याच दिवशी मजुरी बुडाली. मे 2020 मध्ये कर्नाटक सरकारने फुलशेतीला हेक्टरी 25,000 रुपये जाहीर केले. मदत हेक्टरवर मोजलेली. तोडणाऱ्या बाईच्या नावावर बहुधा गुंठाही नसतो.