एका बरणीत एकच
(लेखांक सहावा)

गेल्या लेखांकात प्रार्थनाकीटक शिकार कशी करतो ते पाहिले. आता तो पाळायचा तर किती जण एकत्र ठेवावेत, हा प्रश्न. जबलपूरच्या कमानिया गेटसारख्या रात्री उजळलेल्या बाजारात, पाऊस सरता सरता दिव्याकडे उडत येणारा प्रार्थनाकीटक बहुधा नर असतो. अंड्यांनी जडावलेली मादी सहसा उडत नाही. एखाद्या हौशी मुलाने हा नर घरी नेऊन बागेत सापडलेल्या मादीच्या बरणीत सोडला, तर सकाळी नुसते पंख उरलेले दिसण्याची शक्यता मोठी. मग ‘ही नवऱ्याला खाणारीच जात’ असा निकाल लगेच दिला जातो. माझे म्हणणे असे, की त्या उरलेल्या पंखांवरून मादीच्या स्वभावापेक्षा बरणीबद्दलच अधिक कळते.

हा समज पसरला त्यात बरणीचा वाटा मोठा आहे. १८८६ साली अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ एल. ओ. हॉवर्ड यांनी ‘सायन्स’मध्ये एक टिपण छापले. एका मित्राने पाळलेल्या मादीच्या बरणीत त्यांनी नर सोडला होता. मादीने आधी त्याचा पुढचा डावा पाय खाल्ला, मग डावा डोळा, मग उजवा पाय आणि शेवटी डोके. तरीही त्या बिनडोक्याच्या नराने समागम केला. लोकांच्या लक्षात एवढेच राहिले. पण आत पडताच नर घाबरून पळू पाहत होता, हेही त्याच टिपणात आहे. झुडपात त्याला वाट मिळाली असती. पुढे १९८४ साली लिस्के आणि डेव्हिस यांनी चिनी प्रार्थनाकीटकांच्या माद्यांना पोटभर खाऊ घातले, खोलीत माणूस ठेवला नाही आणि सगळे कॅमेऱ्याने टिपले. तीस मीलनांत एकही नर खाल्ला गेला नाही. उलट, एरवी न दिसणारे प्रणयाराधन दिसले.

यावर कोणी म्हणेल, मोकळ्या रानातही माद्या नरांना खातातच. खरे आहे. पोर्तुगालमधील १९९२च्या क्षेत्रीय अभ्यासात सुमारे ३१ टक्के प्रसंगी तसे घडले. पण म्हणजे बहुतेक नर वाचले. भुकेल्या मादीकडे नर अधिक सावधपणे, दुरून अंदाज घेत सरकतो, हे लेलिटो आणि ब्राउन यांनी २००६ साली दाखवले. या सावधपणाला जागा लागते आणि बरणी नेमकी तीच हिरावून घेते. दुसरा आक्षेप असा, की दक्षिण भारतातले व्हायोलिन मँटिस ही प्रार्थनाकीटकाची जात पाळणारे ते एकत्रच ठेवतात. ठेवतात, पण प्रशस्त जाळीत आणि भरपूर माश्या पुरवून. ती सहनशीलता त्या जातीची आहे, सगळ्यांची नव्हे. तिसरा मुद्दा अंड्यांच्या एकाच कोशातून शेकड्याने निघणाऱ्या पिल्लांचा. रानात ती लगेच पांगतात. डब्यात कोंडली तर एकमेकांना खातात. शिवाय कात टाकल्यावर अंग काही काळ मऊ असते. तेव्हा शेजाऱ्याला थोडीशी भूक असली तरी तेवढी पुरते.

म्हणून निरीक्षण करायचे तर प्रत्येकाला वेगळी बरणी द्या. कात टाकताना कीटक उलटा लटकतो, तेव्हा बरणीची उंची त्याच्या लांबीच्या निदान तिप्पट हवी, आत काडी हवी आणि तोंडाला मलमल. नर की मादी हे ओळखायला पोटाखालचे खंड मोजा: नराचे आठ, मादीचे सहा. दोघांची भेट घडवायचीच असेल, तर मादीला आधी पोटभर खाऊ घाला, मोठ्या जाळीत किंवा कुंडीतल्या झुडपावर दोघांना सोडा आणि नराला पळायला वाट ठेवा. मादीने अंडी घातली की तो कोश बागेतल्या फांदीला बांधा. दोघांना एका बरणीत कोंडून जे दिसेल, त्याला निसर्गाचा नियम म्हणू नका.