क्लिपबोर्डचा इतिहास : कॉपी केलेला मजकूर पुन्हा मिळवणे

स्वाध्यायासाठी संगणकावर टिपणे काढताना एक अडचण वारंवार येते. एखादी व्याख्या आपण कॉपी करतो. ती योग्य ठिकाणी चिकटवण्यापूर्वीच दुसरे वाक्य कॉपी करतो आणि पहिला मजकूर हातचा जातो. कॉपी केलेला मजकूर क्लिपबोर्ड नावाच्या तात्पुरत्या जागेत राहतो. तेथे एका वेळी एकच नोंद असते. नवी नोंद येताच जुनी पुसली जाते. कॉपी करून चिकटवण्याची ही पद्धत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात विकसित केली.

क्लिपबोर्ड मॅनेजर

जुनी नोंद न पुसता प्रत्येक नोंदीची यादी राखणाऱ्या सुविधेस क्लिपबोर्ड मॅनेजर म्हणतात. विंडोज १० मध्ये ती २०१८ पासून अंतर्भूत आहे. विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि ‘व्ही’ ही कळ एकत्र दाबल्यास यादी उघडते. प्रथम वापरताना सुविधा सुरू करावी लागते. त्यापूर्वी पुसला गेलेला मजकूर मात्र मिळत नाही. यादीत २५ नोंदी राहतात व संगणक पुन्हा सुरू केल्यावर त्या नाहीशा होतात. महत्त्वाची नोंद ‘पिन’ केल्यास ती टिकते. अधिक नोंदी दीर्घकाळ ठेवायच्या असल्यास ‘डिट्टो’ किंवा ‘कॉपीक्यू’ यांसारखी विनामूल्य साधने वापरता येतात. त्यांत शब्द टंकून जुनी नोंद शोधता येते.

मराठी मजकुराचा शोध

येथे लिपीचा प्रश्न उद्भवतो. युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकूर देवनागरी दिसत असला, तरी संगणकाच्या लेखी ती निराळीच चिन्हे असतात; म्हणून देवनागरीत टंकलेला शब्द त्यात सापडत नाही. युनिकोडमध्येही ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो : ‘ऱ’ या वर्णास हलन्त जोडून, अथवा ‘र’ या वर्णास हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना रूप एकच दिसते. शोधयंत्रणेस मात्र ते दोन भिन्न शब्द वाटू शकतात. अशा वेळी ‘शेतक’ एवढाच भाग टंकावा.

घ्यावयाची काळजी

क्लिपबोर्ड मॅनेजर कॉपी केलेला पासवर्डही जपून ठेवू शकतो. अभ्यासकेंद्रातील अथवा सायबर कॅफेतील संगणकावरून उठण्यापूर्वी यादी पुसावी. विंडोजमध्ये ‘क्लिअर ऑल’ केल्यावरही पिन केलेल्या नोंदी शिल्लक राहतात, म्हणून त्या स्वतंत्रपणे काढाव्यात.

दुसरी काळजी अभ्यासाच्या सचोटीची आहे. यादीतील नोंदीवर मूळ लेखकाचे नाव आपोआप येत नाही. आठवड्याने तीच नोंद समोर आली, की ते वाक्य आपले की परक्याचे, हे आठवत नाही. अनवधानाने वाङ्मयचौर्य घडते ते असे. म्हणून उतारा कॉपी करताच तो अवतरणचिन्हांत, ग्रंथनाम व पृष्ठांकासह, टिपणवहीच्या फाइलमध्ये चिकटवावा. क्लिपबोर्ड ही वाटेतली ओसरी आहे. मजकुराचे घर टिपणवहीतच असावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. क्लिपबोर्ड आणि क्लिपबोर्ड मॅनेजर यांतील फरक स्पष्ट करा.
२. ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधताना कोणता भाग टंकाल? का?