बोट घेऊ नका, बोटवाल्यांची कामं घ्या



मागच्या बॅचमधला एक मुलगा क्लास संपल्यावर थांबला. "दादा, आईचे दागिने ठेवून सेकंडहँड बोट घेऊ का? गेटवेला शिडाच्या बोटी घेऊन फॉरेनर येतात." मी एकच विचारलं, "किती येतात?" त्याने मोजलं नव्हतं.

आधी गिऱ्हाईक समजून घ्या. ही माणसं स्वतःच्या बोटीवर राहतात आणि देशोदेशी फिरतात. कोचीला बोलगट्टी बेटावर त्यांच्यासाठी मरीना आहे, म्हणजे बोटींचा पार्किंग तळच. मुंबईत त्या गेटवेसमोर, 1846 साली सुरू झालेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या बाजूला नांगर टाकतात. जून ते सप्टेंबर पावसाळा, तेव्हा कोणी येत नाही. बोटीच्या कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने भरायचा!

आता धंदा कुठे आहे बघा. कित्येक दिवस समुद्रात काढून माणूस किनाऱ्यावर आला की त्याला काय लागतं? कपडे धुऊन हवेत, ताजी भाजी हवी, सिमकार्ड हवं, फाटलेलं शीड शिवून हवं. यातलं एकही काम करायला बोट लागत नाही.

आपण आरेत राहतो, म्हणून लांब आहोत असं समजू नका. ऑक्टोबर 2025 पासून मेट्रो 3 आरेपासून थेट कफ परेडपर्यंत जाते. हुतात्मा चौकाला उतरा, तिथून गेटवे चालत. आणि बघण्यासारखं आपल्याच बाजूला आहे. सकाळी कान्हेरीची लेणी, मग आरेतल्या पाड्यावर वारली घरातलं जेवण. पण त्या घरच्यांना आधी विचारा आणि त्यांचे पैसे आधी ठरवा. सोमवारी कान्हेरी बंद आणि एलिफंटाही बंद, हे लक्षात ठेवा.

दोन गोष्टींना हात लावायचा नाही. डिझेल-गॅस पुरवणं हे परवान्याचं काम आहे. आणि बोटीवरची वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी विकत घ्यायची नाही, तो कस्टमचा विषय आहे. कागदपत्रांसाठी बोटवाले एजंट धरतात. तुमचा रेटचा कागद त्या एजंटकडे ठेवा.

हिशोब करू. समजा एका फेरीला तुमचा वेळ धरून 600 रुपये खर्च आला आणि 1,000 मिळाले. उरले 400. महिन्याला 4 फेऱ्या म्हणजे 1,600. यावर घर चालणार नाही, हे मी स्पष्ट सांगतो. हे चालू दुकानाच्या जोडीला करायचं काम आहे.

तो मुलगा दोन रविवार गेटवेला जाऊन बसला, वहीत मोजून आला. परदेशी झेंड्याच्या बोटी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळ्या इथल्याच! मग खरं गिऱ्हाईक कोण? त्याच्या मामाचं ताडपत्री शिवायचं काम आहे. आता तो बोटींची कव्हरं शिवायची ऑर्डर मागत फिरतोय. पावसाळ्याआधी कव्हर सगळ्यांनाच लागतं.

आईचे दागिने घरातच आहेत.

तुमचा गृहपाठ: भांडवल घालण्याआधी दोन रविवार जा, गिऱ्हाईक मोजा आणि आकडा कमेंटमध्ये लिहा.