नव्या होडीची अखेरची कामे

खारदांड्याच्या कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेपूर्वी नवी होडी उतरविण्याची घाई असते. परंतु फळ्या बसल्या म्हणजे लाकडी होडी सिद्ध झाली, असे नव्हे. पुढील कामांवरच तिचे आयुष्य अवलंबून असते.

1. फळ्यांमधील सांध्यांत तेलात भिजविलेला कापूस ठासून वर राळ व तेल यांचे लुकण भरावे. लाकूड पाण्यात फुगते. म्हणून कोरडे सांधे अतोनात ठासू नयेत, अन्यथा फुगलेल्या फळ्यांचा ताण खिळ्यांवर येतो.

2. लाकूड पोखरणारे सागरी जीव रंग नसलेल्या जागेतून आत शिरतात. यास्तव छपराखाली तळ पूर्ण सुकवून त्यास ताम्रयुक्त रंग द्यावा. ओरखडा दिसल्यास तो लगेच रंगवावा.

3. पाण्यावर तरंगताना होडीचा आकार किंचित बदलतो. म्हणून इंजिन व पंख्याचा दांडा एका रेषेत आहेत किंवा कसे, हे होडी उतरविल्यावर पुन्हा तपासावे. मगच बोल्ट पक्के आवळावेत.

पहिली फेरी किनाऱ्यालगतच करून तळात किती पाणी साचते ते पाहावे. भर दर्यात सांधा गळू लागल्यास तेथे सुतार मिळत नाही.