बंद घड्याळाला पुन्हा चावी!

जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन गुरगुरतं, हेडलाइट लागतात, हॉर्नही वाजतो. बंद असतं ते फक्त डॅशबोर्डवरचं घड्याळ. ते का थांबतं? आणि पुन्हा सुरू करता येतं का?

बंद पडलेलं घड्याळ घरात ठेवू नये, असं आपल्याकडची वडीलधारी माणसं सांगत आली आहेत. भिंतीवरचं घड्याळ थांबलं, की लगेच कुणीतरी स्टुलावर चढतं, नवा सेल टाकला जातो, नाहीतर घड्याळाची रवानगी घड्याळजीकडे होते. मोटारीतल्या घड्याळाला मात्र हा नियम कुणी लावत नाही. जुन्या देखण्या स्पोर्ट्स कारचा मालक बॉनेट उघडून कौतुकाने इंजिन दाखवतो, क्रोमच्या पट्ट्यांवरून हात फिरवतो. पण डॅशबोर्डवर कित्येक वर्षं सव्वाचारच वाजलेले असतात. विचारलं, तर उत्तर ठरलेलं: 'या गाड्यांची घड्याळं बंदच असतात हो!'

बंद असतात हे खरं. पण त्यातली बरीचशी मेलेली नसतात, नुसती थांबलेली असतात. हा फरक ज्याला कळला, त्याच्या गाडीतलं घड्याळ पुन्हा चालू लागतं. ज्याला कळला नाही, तो आतली यंत्रणाच उपटून फेकून देतो!

मोटारीतलं घड्याळ ही एके काळी मोठ्या मानाची गोष्ट होती. 1948 साली आलेल्या जग्वार एक्सके 120 मध्ये ते इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या तबकडीतच बसवलेलं होतं. 1961 च्या जग्वार ई-टाइपमध्येही तीच पद्धत होती. पोर्श 911 च्या डॅशबोर्डवर ओळीने पाच तबकड्या असत, त्यातली एक खास घड्याळाची. 1958 साली डेव्हिड ओगिल्वी या जाहिराततज्ज्ञाने रोल्स-रॉइसची जी जाहिरात लिहिली, तिचा तर सारा भर घड्याळावरच होता. ताशी साठ मैलांच्या वेगातही या गाडीत सगळ्यात मोठा आवाज येतो तो विजेच्या घड्याळाचा, अशी ती शेखी होती. त्या गाड्या आज कित्येक दशकांच्या झाल्या आणि तोच आवाज बंद पडला आहे.

कारखान्यांच्या गावात

जबलपूरच्या माणसाला यंत्राचं असं थांबणं सहसा सहन होत नाही. हे गावच मुळी कारखान्यांचं. इथली गन कॅरेज फॅक्टरी 1904 सालची, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी 1942 ची आणि व्हेइकल फॅक्टरी 1969 ची. लष्कराचे शक्तिमान ट्रक याच व्हेइकल फॅक्टरीतून बाहेर पडले. दणकट जोंगा जीपही इथलीच. 'जोंगा' हे नाव जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेम्ब्ली या शब्दांच्या आद्याक्षरांतून तयार झालं आहे. लष्करातून निवृत्त झालेल्या जोंगा आज हौशी लोक मोठ्या प्रेमाने सांभाळतात. ज्या गावात लेथ आणि पाना ओळखणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या, तिथे जुनं यंत्र भंगारात टाकण्याआधी उघडून पाहण्याची सवय असतेच.

पण याच गावाची हवा डॅशबोर्डवरच्या घड्याळाला मानवणारी नाही. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत काचेखालचा डॅशबोर्ड तर याहूनही तापतो. घड्याळाच्या बारीक चाकांना दिलेलं तेल या उष्णतेने आटतं, चिकट होतं. पाठोपाठ पावसाळा येतो आणि दमट हवेने विजेच्या जोडांवर गंज चढतो. नागपूरपासून थेट खानदेशापर्यंतच्या गाडीमालकांनाही हे दुखणं नवीन नाही.

घड्याळ स्वतःच चावी घेतं!

आता थोडं घड्याळाच्या पोटात डोकावू. साठीच्या दशकातल्या कित्येक गाड्यांमधलं घड्याळ विजेवर चालतं असं म्हणतात खरं, पण प्रत्यक्षात ते स्प्रिंगवर चालतं. वीज लागते ती फक्त चावी द्यायला. आत एक छोटी स्प्रिंग असते. ती दोन-तीन मिनिटांत सुटत जाते. पूर्ण सुटली की दोन बारीक पॉइंट एकमेकांना चिकटतात आणि बॅटरीची वीज तारेच्या गुंडाळीत शिरते. तिच्यातल्या लोहचुंबकाच्या झटक्याने स्प्रिंगला पुन्हा चावी बसते. त्याच झटक्याने पॉइंट वेगळे होतात आणि वीज तुटते. शांत गाडीत बसलं, तर दर दोन-तीन मिनिटांनी 'टक्' असा आवाज ऐकू येतो. तो या चावीचा.

ही युक्ती फार सुंदर, पण तिचा जीव बॅटरीत. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की बॅटरी उतरते. मग झटक्यात जोर राहत नाही, स्प्रिंगला चावी बसत नाही आणि पॉइंट चिकटलेलेच राहतात. क्षणभरासाठी यायची ती वीज सतत वाहू लागते आणि गुंडाळी तापते. गुंडाळी जळू नये म्हणून कारखान्याने आत सोल्डरचा एक नाजूक जोड ठेवलेला असतो. बऱ्याच कमी उष्णतेला तो वितळतो आणि वीज तोडतो. घड्याळ थांबतं.

म्हणजे घड्याळ बिघडलेलं नसतं, त्याने स्वतःला वाचवलेलं असतं! गाडीचं फिरणं बंद झालं, म्हणून घड्याळाचंही चालणं बंद झालं, एवढाच त्याचा अर्थ.

दुरुस्ती कशी होते?

सगळ्यात आधी गाडीच्या बॅटरीची तार काढायची. डॅशबोर्डच्या मागे अंधारात हात घालताना एक ठिणगीसुद्धा महागात पडते. घड्याळ बाहेर आलं, की काचेभोवतीची धातूची कडी हळूहळू उकलावी लागते. घाई केली की ती वाकते, आणि वाकलेली कडी नंतर लपवता येत नाही.

इथून पुढे काम डोळ्याला भिंग लावणाऱ्या माणसाचं. वितळलेला जोड पुन्हा जोडायचा, पण रेडिओच्या दुकानातलं साधं सोल्डर वापरून नव्हे. ते वितळायला 183 अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. पुढच्या वेळी बॅटरी उतरली, तर हा जोड सुटण्याआधी गुंडाळीच जळून जाईल. त्यासाठी कमी उष्णतेला वितळणारं खास सोल्डरच हवं. काळे पडलेले पॉइंट साफ करायचे, अगदी जुन्या स्कूटरचे करत असत तसे, पण त्याहून कितीतरी हलक्या हाताने. मग सुकलेलं तेल धुऊन काढायचं आणि प्रत्येक चाकाच्या टोकाला घड्याळाच्या तेलाचा सुईच्या अग्राएवढा थेंब द्यायचा. डब्यातलं गंज सोडवणारं तेल फवारलं, तर घड्याळ दोन दिवस चालेल आणि तिसऱ्या दिवशी धूळ धरून पुन्हा थांबेल.

जुन्या इंग्रजी गाड्यांत आणखी एक मेख असते. साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यातल्या अनेक गाड्यांत बॅटरीचं धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असे. पुढे ऋण टोक जोडण्याची पद्धत आली. ट्रान्झिस्टर असलेल्या घड्याळाच्या तारा उलट्या जोडल्या, तर दुरुस्त झालेलं घड्याळ तिथल्या तिथे कायमचं जातं. म्हणून ते आधी टेबलावर 12 व्होल्टवर दोन दिवस चालवून पाहायचं, वेळ पुढे-मागे होत असेल तर छोट्या स्क्रूने जुळवायची, आणि मगच गाडीत बसवायचं.

आकड्यांना हात लावू नका!

एक धोका मात्र घरात मुलंबाळं असणाऱ्यांनी लक्षात ठेवायलाच हवा. अंधारात चमकण्यासाठी त्या काळी काट्यांना आणि आकड्यांना रेडियमचा रंग लावत असत. आज तो चमकत नाही, म्हणून तो निरुपद्रवी झाला असं समजू नये. चमक देणारं द्रव्य थकलेलं असतं, रेडियम थकलेलं नसतं. त्याचा जोर निम्मा व्हायलाच सुमारे 1600 वर्षं लागतात! असा रंग खरवडणं, त्याची पूड फुंकणं किंवा जेवणाच्या टेबलावर घड्याळ उघडणं हे सगळं टाळायचं. तबकडी जशी आहे तशी राहू द्यावी, आणि रंगाची शंका असेल तर जाणकाराशिवाय घड्याळ उघडूच नये.

सोपा मार्ग, महाग मार्ग

मग एवढा खटाटोप कशाला, असं कुणीही विचारील. जुनी यंत्रणा काढून तिथे क्वार्ट्‌झ मशीन बसवलं, की वेळ सेकंदाला बरोबर. काम स्वस्तात होतं आणि बाहेरून कुणाला कळतही नाही. रोज गाडी वापरणाऱ्यासाठी हा मार्ग वाईट नाही. गुंडाळी खरोखरच जळली असेल, तर कधी कधी तोच एक मार्ग उरतो. पण मग ती 'टक्' पुन्हा ऐकू येत नाही. निदान काढलेली यंत्रणा तरी फेकू नये. डबीत घालून, वर गाडीचं नाव लिहून ती जपून ठेवावी. उद्या मुलाला किंवा नातवाला ती पुन्हा बसवावीशी वाटेल.

जुन्या गाड्यांचं मोल सरकारनेही ओळखलं आहे. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले. मूळ रूपात जपलेल्या अशा गाडीच्या नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं असतात. सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. घड्याळाचा त्या नियमात उल्लेख नाही. पण गाडी मूळ रूपात जपणाऱ्या मालकाला डॅशबोर्डवरचं थांबलेलं घड्याळ कधी ना कधी टोचतंच.

दुरुस्तीनंतरची काळजी अगदी साधी. आठवड्यातून एकदा गाडी फिरवायची, बॅटरी भरलेली ठेवायची. घड्याळाच्या तारेत एक छोटा फ्यूज टाकायचा. महिनाभर गावाला जायचं असेल, तर घड्याळाची तार काढून ठेवायची. परत आल्यावर ती जोडली, काटे वेळेवर आणले आणि कान देऊन दोन-तीन मिनिटं थांबलं, की डॅशबोर्डमागून आवाज येतो... टक्!