टोचन करताना दोर नको, रॉड घ्या

गाडी बंद पडली की कुणीतरी लगेच दोर काढतो. गेल्या ईदला गावी जाताना आमच्या मामूंची गाडी अशीच दोराने ओढली. उतारावर ती थेट पुढच्या गाडीवर आदळली. मामू म्हणाले, "ब्रेक मारला, लागलाच नाही!"

कारण साधं आहे. इंजिन बंद असलं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एक-दोनदा दाबल्यावर संपते, मग पॅडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होतं. दोर फक्त ओढतो, मागची गाडी रोखत नाही. झटका बसून तुटला तर चाबकासारखा उडतो. लोखंडी टोचन रॉड अंतर कायम ठेवतो. मात्र तो बंपरला बांधू नका. टूलकिटमधला हुक शेवटपर्यंत पिळून बसवा, रॉडच्या पिनला क्लिप लावा.

चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. नियमाने दोन गाड्यांत 5 मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत. मागच्या गाडीत लायसन्सवाला माणूस हवाच. ऑटोमॅटिक गाडी असेल तर सरळ उचलून नेणारी गाडी बोलवा, नाहीतर गिअरबॉक्सचा खर्च वेगळा. आणि बायका-मुलांना दुसऱ्या गाडीत बसवा.