आमगावची आठ गावे आणि मध्य प्रदेशची वाट

डिसेंबर २०२२ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील आमगाव, बनगाव, रिसामा, कुंभारटोली, बिरसी, माल्ही, पदमपूर आणि किडंगीपार या आठ गावांतून एक मागणी पुढे आली. आम्हाला महाराष्ट्रातून काढून मध्य प्रदेशात सामील करा, अशी ती मागणी होती. त्याच सुमारास सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याचा प्रश्न तापला होता आणि नाशिककडील सुरगाण्यातून गुजरातचे नाव घेतले जात होते. साहजिकच या सर्वांची एकत्र मोट बांधली गेली आणि महाराष्ट्राच्या अस्मितेविषयी चिंता व्यक्त झाली. आमगावचा प्रश्न अस्मितेचा नव्हता. तो एका रखडलेल्या निर्णयाचा होता.

ही गावे खरोखरच मध्य प्रदेशात जाण्याचा संभव किती, हे आधी पाहू. भूभाग परदेशाला द्यावयाचा तर घटनादुरुस्ती लागते, हे बेरुबारी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये स्पष्ट केले. राज्याराज्यांतील सीमेला मात्र घटनेच्या तिसऱ्या कलमान्वये संसदेचा साधा कायदा पुरतो. राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून विधेयक मांडता येत नाही आणि संबंधित विधिमंडळांचे मत मागवावे लागते. ते मत बंधनकारक नसते. या मार्गाने गावे हललेली आहेत. आंध्र आणि मद्रास यांच्यातील सीमेचा निवाडा हरिभाऊ पाटसकर यांनी केला. गाव हा घटक, लोकांची भाषा आणि भौगोलिक सलगता ही त्यांची सूत्रे होती. त्यानुसार १९५९ चा कायदा होऊन दोन्हीकडील गावांची अदलाबदल झाली. पण तेथे दोन राज्ये भांडत होती आणि दोघांनाही तोडगा हवा होता. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात सीमावाद नाही. ग्रामसभेच्या ठरावाला अथवा निवेदनाला या प्रक्रियेत कोणतेही कायदेशीर स्थान नाही. तेव्हा संभव जवळजवळ शून्य, असे म्हणावयास हरकत नाही.

मग लोकांनी ही भाषा का वापरली? ही आठ गावे एकत्र करून आमगावला नागरी दर्जा देण्यात आला आणि तो दर्जाच न्यायालयीन वादात सापडला. निवडणुका झाल्या नाहीत, कारभार प्रशासकाकडे गेला. गाव म्हणावे तर ग्रामपंचायत उरली नाही. शहर म्हणावे तर ते शहर आहे की नाही हेच ठरलेले नव्हते. आपल्या कल्याणकारी योजनांची रचना अशी की ग्रामीण घरकुलाची यादी वेगळी, नागरी घरकुलाची वेगळी; रोजगार हमीची कामे ग्रामीण भागापुरती. मातीच्या भिंतीचे घर पावसात खचलेल्या माणसाने कोणत्या खिडकीशी उभे राहावे? अशा स्थितीत आठ वर्षे काढल्याची तक्रार हे लोक करीत होते.

अर्थशास्त्रज्ञ हिर्शमन याने १९७० मध्ये असे मांडले की संस्थेचा कारभार बिघडला की माणसासमोर दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठविणे. आमगावकरांनी आवाज उठविताना सोडून जाण्याची भाषा वापरली, एवढेच. याचा पुरावा धानाच्या भावात सापडतो. लाभाचा हिशेब करून राज्य निवडावयाचे असते, तर या भागातील शेतकऱ्याने बाघ नदीपलीकडील लांजी-बालाघाटकडे नव्हे, सालेकशापलीकडील छत्तीसगडकडे पाहिले असते. २०२३-२४ च्या खरिपात साधारण धानाची केंद्राची आधारभूत किंमत क्विंटलला २,१८३ रुपये होती. छत्तीसगडने एकरी २१ क्विंटलपर्यंत ३,१०० रुपये दिले. म्हणजे पूर्ण मर्यादेइतके धान विकणाऱ्यास एकरी १९,२५७ रुपये अधिक. महाराष्ट्राचा बोनस त्या हंगामात हेक्टरी २०,००० रुपये, तोही दोन हेक्टरांपर्यंत. एकरी सुमारे ८,१०० पडतात. डिसेंबर २०२२ मध्ये फरक इतका मोठा नव्हता, पण छत्तीसगडचाच भाव सरस होता. तरीही निवेदनात नाव आले ते मध्य प्रदेशचे.

त्याला कारण आहे. १९५६ पर्यंत नदीचे दोन्ही तीर एकाच प्रांतात होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. पोवारी बोली आजही दोन्हीकडे बोलली जाते, सोयरीक दोन्हीकडे होते, बाघ प्रकल्पाचे पाणी दोन्हीकडे जाते. आपल्या लोकांना बालाघाट परका वाटत नाही, आणि मुंबई हजार किलोमीटरांच्या आसपास दूर आहे. (बालाघाटच्या माणसाला भोपाळही काही शेजारी वाटत नाही, हे तेथील कोणीही सांगेल.)

आता जतकडे पाहा. पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचा ठराव तेथील काही गावांनी २०१२ मध्ये केला होता. दहा वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्या गावांवर हक्क सांगताच विस्तारित म्हैसाळ योजनेच्या सुमारे दोन हजार कोटी रुपयांच्या कामाची घोषणा झाली. जतच्या तहानलेल्या शिवाराला पाणी मिळावे, त्यात वावगे काहीच नाही. परंतु तहान २०१२ मध्येही तेवढीच होती. मधल्या काळात बदलले ते एवढेच, की शेजारच्या राज्याने बोट दाखविले. आमगावकडे बोट दाखविणारा शेजारी नव्हता. भोपाळला या आठ गावांची गरज नव्हती.

वास्तविक आमगावची मागणी म्हैसाळच्या तुलनेत अगदीच स्वस्त होती. त्यात धरण नाही, उपसा नाही, कालवा नाही. न्यायालयातील वाद लवकर निकालात काढण्यासाठी राज्याने अर्ज करावयाचा, आणि निकाल लागेपर्यंत या गावांतील कुटुंबांना कोणत्या यादीत धरावयाचे ते लेखी सांगावयाचे. ही दोन्ही कामे मंत्रालयातील एका टेबलावर होण्यासारखी होती.